वळण दिसलं पाहिजे

ऑस्विका,
४ सप्टेंबर

प्रिय सिन्नव,

अनेक आशीर्वाद. माझी तब्येत ठणठणीत आहे. उजवा खांदा तेवढा धरलाय, का ते विचारू नकोस. तुझ्या आईने बटाटे काढायला बोलावलं होतं; जमणार नाही म्हटलं.

तिच्याकडूनच कळलं. चालकाविना चालणारा तुझा तो डबा (फेरी म्हणायला माझी जीभ रेटत नाही, उभं आयुष्य खरी फेरी चालवली मी) समोर होडी दिसली की लांबूनच मोठं वळण घेतो, कारण तू त्याला तसं शिकवलंस. आणि तुझे साहेब तोर्केल म्हणतात, वेळापत्रक चुकतं, थोडं थोडं वळू दे. शुक्रवारी तू होकार देणार म्हणे. होकार! धक्क्यावरचे लोक डब्याला 'भित्री म्हातारी' म्हणून हसतात, एवढ्यावरून?

हा तोर्केल पूर्वी माझ्या फेरीवर दोर फेकायचा. निम्मे पाण्यात पडायचे.

समुद्रावरचा नियम साधा आहे. वळायचं तर लवकर, आणि समोरच्याला दिसेल एवढं. शाळेत आमच्या सिस्टर बेनेडिक्टा पुटपुटत मागितलेली माफी धरायच्याच नाहीत. "मला ऐकू आली नाही, पुन्हा." हेही तसंच. वल्हवणारा पुढे पाठ करून बसतो. मध्येच एकदा मान वळवतो, तेवढ्यात त्याला सगळं कळायला हवं. थोडं थोडं वळलेलं त्याला दिसतच नाही, आणि घाबरून तो नेमकी बोट वळतेय त्याच बाजूला होडी घालतो.

पेपरात 'होडीतली वृद्धा' वाचलं असशील. वृद्धा! लाल टोपी तू विणलेली होती, ओळखली नाहीस?

मंगळवारी माझ्या बाबांची होडी काढली आणि डब्याच्या वाटेवर वल्हवत गेले. मान एकदाच वळवायची, असं ठरवलं होतं. वळवली. डब्याचं नाक नाही दिसलं गं, खिडक्यांची अख्खी रांग दिसली. केव्हाच वळला होता तो. मी सुकाणूवर असते तर असंच वळवलं असतं.

डब्याच्या कठड्याशी तोर्केल, शर्टभर कॉफी सांडलेली.

"एल्डब्यॉर्गबाई, मरायचंय का?"

"मरायचं असतं तर तू शिकवलेल्या बोटीपुढे आले असते!"

लोक हसले. या वेळी डब्याला नाही.

शुक्रवारी नाही म्हण. पुटपुटू नकोस. जमणार नसेल तर मला बोलाव, खांदा दुखतोय, जीभ नाही. आईला यातलं काही सांगू नकोस.

तुझी, आणि आता त्या डब्याचीही,
मावशी