सड्यावरचे घर खाली आणण्याविषयी

मी भागोजी गंगाराम मयेकर, वय वर्षे सदुसष्ट, धंदा पूर्वी आगबोटीवर तांडेल, हल्ली घरीच, राहणार मौजे हेदवी, पेटा गुहागर, जिल्हा रत्नागिरी, पुरत्या शुद्धीवर राहून व कोणाच्या भरीस न पडता लिहून ठेवतो की, माझ्यामागे पुढीलप्रमाणे व्हावे.

मला मूलबाळ नाही. बायको जनी आहे आणि धाकटा भाऊ धाकू आहे. वाटणीत खालच्या माडांच्या बागेचे दोन भाग झाले. माझ्या भागात मी घर बांधले नाही. धाकूच्या बरोबरीने का राहावे, म्हणून वर सड्यावर, डोंगरमाथ्याच्या उघड्या कातळावर, चिऱ्याचे, मंगळुरी कौलांचे घर बांधले. वारा भरपूर, समुद्र दिसतो. विहीर तीनदा खणली, तीनदा कातळ लागला. तेरा वर्षे जनी धाकूच्या विहिरीवरून पाणी आणते. त्याने कधी एका शब्दाने नाही म्हटले नाही, हे मला अजून सहन होत नाही. भांडला असता तर बरे झाले असते.

पाण्याला अर्धा तास पुरे. जनी दुपार काढून येते. धाकूची बायको कमळा पोहे कांडताना काहीबाही बोलते आणि ही हसते. माझ्या घरात ती तशी हसलेली मला आठवत नाही. एकदा विचारले, वर तुला काय कमी केले? म्हणाली, "कमी काय नाय. पन हाक मारली तर ओ द्यायला कोन नाय." मी समोरच बसलो होतो.

सबब, माझ्यामागे हे घर उतरवावे. चिरे, वासे, कौले खाली नेऊन बागेतल्या माझ्या भागात जनीसाठी दोन खोल्या बांधाव्यात. काम विठू गवंड्याला द्यावे. दार धाकूच्या दाराकडे करू नये, असे माझे म्हणणे आहे. जनीचे म्हणणे वेगळे पडल्यास जनीचे ऐकावे.

उरलेली कौले धाकूला द्यावीत, त्याचे छप्पर गळते. ती माझी आहेत हे मात्र त्याला दर पावसाळ्यात कोणीतरी सांगावे.

बोटीवरची माझी दुर्बीणही धाकूला द्यावी. वर बसून तिच्यातून मी दुपारभर काय पाहत होतो, ते त्याला सांगू नये.

हा लेख मी जिवंत आहे तोवर जनीला वाचून दाखवू नये. ती आजच भांडी बांधायला घेईल.

मुक्काम हेदवी, ता. ११ मार्च १९३४
सही : भागोजी गंगाराम मयेकर
साक्षीदार : काशीराम बाळा सुर्वे (यांनीच लिहिले), दादू रघू शिवलकर