चुन्याच्या आठवड्यातले कार्बन

आधी तुझ्या त्या चपट्या झाडू-यंत्राचं सांगते, मग बाकीचं. न विचारता पाठवलंस कशाला? आपलं आपण घरभर फिरतं म्हणे. फिरलं. पलंगाखाली शिरलं, तुझ्या आज्याच्या सपाता ढकलत दारापर्यंत नेल्या, सतरंजीची झालर गिळली आणि घशात अडकल्यासारखं थांबून मला परक्या भाषेत काहीतरी सुनावलं. ज्या घरात माणूस बोलत नाही तिथे यंत्राने बोललेलं मला खपत नाही. खोक्यात घालून ठेवलंय. आलीस की घेऊन जा.

प्रिय इलिंका,

मी बरी आहे. गुडघा होता तसाच आहे. शेळीला दोन पिल्लं झाली, एक आईसारखंच खोडकर. तुझ्या आईने, राईसाने, फोनवर रडून तुला काय काय सांगितलं ते मला कळलंय, आणि त्यावर तू काय ठरवलंस तेही. त्याकडे मी येते. आधी घडलं ते वाच.

आज्याचं तुला माहीतच आहे. द्राक्षं काढायच्या दिवसांत अर्धांगाचा झटका येऊन गेला. पाय परत आला, उजवा हात अर्धामुर्धा आला, जीभ काही आली नाही. सोरोका शहरातली डॉक्टरीण म्हणाली, वसंतापर्यंत बघा, तोवर नाही बोलला तर पुढचं सांगता येत नाही. तेव्हापासून तो खिडकीशी बसून राहायचा. पाद्री येऊन गेले, राईसा येऊन गेली, सगळे त्याच्याशी असे मोठ्याने बोलायचे जणू तो बहिरा झालाय. मी नाही बोलले तसं. एकदा चिडेल तरी म्हणून मुद्दाम सूपात मूठभर मीठ टाकलं. मुकाट्याने सगळं प्यायला. त्या दिवशी मात्र मला भीती वाटली. आमच्या लग्नापासून माझ्या सूपाला नाव न ठेवता या माणसाने चमचा खाली ठेवलेला नाही.

अशात ईस्टर जवळ आला आणि चुना द्यायचा आठवडा लागला. आपला हिरवा व्हॅक्यूम तुला आठवतो ना, पोट सुटलेला, खाली घसरगाडीसारखे पाय असलेला. राईसा जन्मली तेव्हा तुझ्या आज्याने शहरातून आणला, बसमध्ये मांडीवर घेऊन. धूळ ओढायला तो वर्षभर, पण गल्लीला त्याची आठवण होते ती चुन्यापुरती. नळी मागच्या तोंडाला लावायची, म्हणजे हवा बाहेर येते, आणि नळीच्या टोकाला लावलेल्या बरणीतला चुना भिंतीवर धुक्यासारखा बसतो. ब्रशाने दोन दिवस लागतात ते सकाळच्या वेळात होतं. म्हणून दरवर्षी तो घरोघर फिरतो आणि आमच्याकडे सगळ्यात शेवटी येतो.

यंदा शेजारच्या फेओदोराने नेला. तिने नळी लावली पुढच्या तोंडाला. जरा थांबून विचार केला असता तर कळलं असतं, पण बाईने चुन्याचं पाणी भिंतीवर जाण्याऐवजी मोटरीत ओढून घेतलं आणि वर म्हणते, भिंत पांढरी होईना म्हणून मी जास्त वेळ चालू ठेवला. परत आणून दिला तेव्हा आतून ठिणग्या उडत होत्या आणि जळका वास येत होता. तुझा बाप म्हणाला, फेकून द्या. मी त्याला म्हटलं, तू तुझी जुनी गाडी फेक आधी.

मोटर काढायला मला कुणी शिकवायला नको. इतकी वर्षं तुझ्या आज्याशेजारी दिवा धरून उभी राहिलेय. स्वयंपाकघरातल्या टेबलावर उघडला. आत तांब्याचा गोल फिरतो ना, त्याला दोन बाजूंनी दोन कार्बन टेकलेले असतात, मागून स्प्रिंग रेटते. चुन्याच्या कचकचीने दोन्ही झिजून नखाएवढे उरलेले. बाजारात जुनं सामान विकणाऱ्याकडे गेले. या व्हॅक्यूमचे त्याच्याकडे नव्हते, धुण्याच्या मशीनचे होते, जरा जाड. घास आणि बसव, म्हणाला. आणले. पॉलिश पेपरवर घासत बसले. टेबलभर काळी पूड, माझी बोटं काळी, नाक काळं. तुझा आजा समोर, तोंड खिडकीकडे.

पहिला कसाबसा बसला. दुसरा घातला, स्प्रिंग दाबली आणि ती सुटून उडाली. मी चुलीखाली शोधली, कपाटाखाली शोधली, गुडघा टेकवून फरशीवर हात फिरवला. जे तोंडाला येईल ते बोलत होते, फेओदोराच्या सात पिढ्यांना आणि त्या स्प्रिंगलाही. आणि वरून आवाज आला.

"एप्रनच्या खिशात बघ, बये."

शब्द जाड होते, तोंडात वाटाणे भरल्यासारखे, पण त्याचेच. मी खिशात हात घातला. स्प्रिंग होती.

मी उठले आणि म्हटलं, "इतके दिवस तोंड कुठे ठेवलं होतंस?" मग मी बाहेर जाऊन कोंबड्यांना दाणे टाकले. सकाळीच टाकले होते.

आत आले तर तो टेबलाशी. कार्बन डाव्या हातात, बोटाने कडा चाचपत. मान हलवली. एकेक शब्द ओढून काढत म्हणाला की हा त्याच्या खाचेत अडकतोय, सैल सरकला पाहिजे, नाहीतर स्प्रिंग काय करणार. मी घासायचं, त्याने सरकवून बघायचं, नको म्हणायचं, परत घासायचं. असा आमचा दुपारपर्यंत कारखाना. चालू केला तेव्हा आधी थोड्या ठिणग्या उडाल्या. त्याने बंद करू दिला नाही. नवे कार्बन तांब्याला बसेपर्यंत नुसताच फिरू द्यायचा, म्हणाला. मग आम्ही दोघं त्याच्याकडे बघत बसलो, पाहुणा आल्यासारखं. घरघर हळूहळू गुळगुळीत झाली. संध्याकाळच्या सूपाला त्याने चव नाही म्हटलं. तीनदा म्हटलं. तिसऱ्यांदा अगदी नीट आलं. दुसऱ्या दिवशी भिंतींना चुना दिला. बरणी त्याने धरली आणि माझं अर्धं डोकं पांढरं केलं. फेओदोरा कुंपणावरून बघत होती, तिलाही दोन शब्द मिळाले. ते इथे लिहीत नाही.

आता तुझं. राईसा म्हणते तू इटलीतल्या पादुआची बेकरी सोडतेस, मालकिणीला सांगूनही टाकलंस, आणि आज्याची सेवा करायला कायमची परत येतेस. हे पत्र त्यासाठी आहे. फोनवर बोलले असते तर राईसा शेजारी उभी राहून रडली असती आणि तू तिचंच ऐकलं असतंस. तिथे तू पीठ मळायला लागलीस तेव्हापासून तुझा आवाज बदललाय, ताठ झालाय, मला ऐकू येतं. तो मला हवाय. आज्याला माणूस लागेल तेव्हा मी आहे, आणि मी दमले तर तुझी आई आहे, रडत का होईना करेल. हे पत्र मिळालं की दुसऱ्याच सकाळी मालकिणीकडे जा आणि सांग की मी राहते. ऑगस्टमध्ये सुट्टी काढून ये, टरबुजं पिकलेली असतील. उत्तर राईसाच्या फोनवर नको. तू स्वतः लिही, आणि मला नाही, आज्याच्या नावाने लिही. मला तो वाचून दाखवेल.

तुझीच,
दोम्निका आजी