गोळी न घेता चालणं

आई, तू गेल्यानंतर काही वर्षांनी मी गुडघ्यांच्या कामाला लागले. संभाजीनगरच्या एका दवाखान्यात गुडघ्याच्या सांधेदुखीवर संशोधन चालू आहे, तिथं. सांध्याच्या आतलं अस्तर सुजतं, ती सूज एका नव्या औषधानं उतरते का, हे डॉक्टर पाहतात. माझं काम साधं आहे. बायकांना खुर्चीतून उठायला सांगायचं, वऱ्हांड्यातून चालवायचं, वेळ लिहायची आणि किती दुखतं ते विचारायचं. तपासणीच्या आधी काही दिवस दुखण्यावरची गोळी घ्यायची नाही, हा मुख्य नियम. गोळीखाली गुडघा कसा आहे ते कळत नाही. नियम पुन्हा मोडला तर नाव कमी करतात.

गेल्या महिन्यात बिडकीनची एक मावशी आली. आधी भिंत धरून चालणारी बाई या वेळी सरळ चालत आली. डॉक्टर खूश झाले. मला शंका आली. बाजूला घेऊन विचारलं तर म्हणाली, "घेतली एक सकाळी. एवढ्या मोठ्या डाक्टरापुढं लंगडत यायचं व्हय?"

"मावशी, आम्हाला लंगडणंच बघायचंय."

"लई भारी काम धरलंस बाई," ती हसली. नियमाची आठवण करून दिली तेव्हा मात्र तिनं माझा हात धरला. मग म्हणाली, "नाव नको काढू. ह्याच औषधावर आस हाय. सवय जात नाय गं. लेक यायची असली की मी सकाळीच गोळी घेती. चार दिस माहेराला येती, तिला भाकरी थापायला लावू का?"

मी डॉक्टरांना खरं ते सांगितलं. पहिलीच वेळ होती, म्हणून तिला दुसरी तारीख मिळाली.

त्या दुपारी मला पाचोडचं आपलं स्वयंपाकघर आठवलं. मी एसटीतून उतरून येते, तू चुलीपुढं पाटावर बसलेली. मी परात ओढायला जाते तर म्हणतेस, "सर तिकडं. माहेरी आलेल्या लेकीनं हात लावायचा नसतो." आणि कशाचाही आधार न घेता उठतेस. दारातून वहिनी म्हणते, "ताई, तुम्ही आलात की आईंचे गुडघे बरे होतात. राहा की इथंच." मी हसते, वहिनी हसते. तू पुन्हा पाटावर बसून, तिच्याकडं न बघता भाकरी उलटतेस.

मावशी परवा पुन्हा आली. सुनेच्या खांद्यावर भार टाकून, रागातच. "घे, बघ. झालं समाधान?" वऱ्हांडा संपेपर्यंत मी तिच्या बाजूनं चालले. हात द्यायचा नसतो, म्हणून दिला नाही. वेळ लिहिली. तिचं नाव राहिलं.

तुझे गुडघे मी पाहिले ते फक्त मी आलेल्या दिवसांतले. तूही गोळी घेत होतीस का, आणि बाकीच्या दिवशी पाटावरून कशी उठत होतीस, हे वहिनीला माहीत असणार. ती पाचोडलाच आहे, आमचा फोन रोज होतो. मी अजून विचारलेलं नाही.