कबुतराच्या मापाचं भोक

झोटेगेम, रविवार दुपार
(जेवण झालं, भांडी तशीच)

प्रिय गोडेलीवताई,

धाकट्या भावाचा आदरपूर्वक नमस्कार आणि गालांवर तीन मुके, तिसरा मांजरासाठी. तुझे गुडघे कसे आहेत? समुद्राच्या वाऱ्याने बरे होतील असं तू अकरा वर्षं सांगते आहेस, म्हणून विचारलं. वरच्या मजल्यावरची बाई अजून ट्रंपेट वाजवते का? मी ठणठणीत आहे, वजन तेवढं वाढलंय. माझी इर्मा गेल्यापासून सहा वर्षं मी एकाच भांड्यात स्वयंपाक करतो आणि ते भांडं मोठं आहे.

तुझं पत्र मिळालं. एक मेपर्यंत कळव म्हणालीस: धंदा गुंडाळून तुझ्या मागच्या खोलीत ओस्टेंडला राहायला येतोस, की खोली भाडेकरूला देऊ? ताई, उत्तराला उशीर झाला त्याचं कारण ऐकशील तर गुडघे विसरशील! या आठवड्यात मी युरोपभरच्या कायद्याशी एकट्याने झुंजलो. (एकट्याने म्हणजे कबुतरांचा जाणकार ओदिल, यंत्राचं बघणारी कात्रीन आणि एक करवत धरून.)

आमचं यंत्र तू पाहिलेलं नाहीस. पण शर्यतीआधी नराला आठवडाभर मादीपासून लांब ठेवायचं, टोपलीत घालण्याआधी दहा मिनिटं ती दाखवायची, मग फ्रान्समध्ये नेऊन सोडला की तो जीव तोडून घरी येतो, हे बाबांच्या ढाबळीत तू लहानपणी बघितलंच आहेस. कुठल्या नराला खरी ओढ लागली आहे आणि कुठला नुसता रुसून बसलाय, हे कबुतराच्या डोळ्यात दिसतं. म्हणजे ओदिलला दिसतं. मला साठाव्या वर्षीही फक्त डोळा दिसतो. ओदिल आता एकोणऐंशीचा. त्याची नजर त्याच्याबरोबर जाऊ नये म्हणून कात्रीनने चार हजार पाखरांचे डोळे आणि ओदिलचे शेरे यंत्राला शिकवले. कॅमेऱ्यासमोर पाखरू धरा, पडद्यावर अक्षरं येतात: घराची ओढ इतके टक्के, थकवा इतके टक्के, आणि खाली निकाल, ‘पाठवा’ किंवा ‘राहू द्या’.

आपल्या प्रांताच्या महासंघाचा अध्यक्ष गास्टन (तोच, लांब नाकाचा, शाळेत तुला चिठ्ठ्या पाठवायचा) चाळीस क्लबांसाठी चाळीस यंत्रं घ्यायला तयार होता. ती गेली तर धंदा उभा राहतो, नाही गेली तर मी तुझ्या मागच्या खोलीत. इतकं सरळ होतं. आणि गेल्या सोमवारी गास्टन म्हणाला, “फोन्स, ब्रुसेल्सने यंत्राच्या बुद्धीवर कायदा केलाय. तुझं हे कायद्यात बसतं असा कागद शुक्रवारी पाखरं टोपल्यांत भरायच्या आधी आण. नाहीतर मी ओळखत नाही तुला.”

मी कायदा वाचायला घेतला. (ताई, तो वाचताना मध्ये दोनदा जेवावं लागतं.) वाचता वाचता एका ओळीवर घाम फुटला. कामाच्या ठिकाणी कुणाच्या मनातली भावना यंत्राने ओळखायला बंदी! साधी नाही, सक्त बंदी. दंड साडेतीन कोटी युरो किंवा उलाढालीचे सात टक्के, आणि आमच्यासारख्या छोट्यांना यातलं जे कमी असेल ते. (आमचे सात टक्के म्हणजे मक्याची काही पोती. पण अब्रू?) आणि माझ्या माहितीपत्रकावर मी स्वतः मोठ्या अक्षरांत छापलेलं: ‘भावना ओळखणारं पहिलं यंत्र!’ मी ओदिलला विचारलं, शर्यतीचं कबुतर कामावर असतं का रे? तो म्हणाला, “पगार नाही, सुट्टी नाही, निवृत्तिवेतन नाही. कामावर कसलं? हौशी आहे ते.” तेवढ्या आधारावर मी अकरा पानांचं निवेदन लिहिलं. (प्रत सोबत जोडली आहे. मांजराच्या ताटलीखाली उपयोगी पडेल.)

गुरुवारी सकाळी व्यापारी संघाने गेंटहून कायद्याच्या सल्लागार बाई पाठवल्या, छोट्या धंद्यांसाठी एक दिवस फुकट. नाव हर्मीन. राखाडी केस, लाल चष्मा, सायकलवरून स्टेशनहून आल्या, पायात चिखलाचे बूट. मी अकरा पानं पुढे केली. त्यांनी पहिली ओळ वाचली आणि मिटून ठेवली. “कबुतरांची काळजी या कायद्याला नाही हो. हा माणसांसाठी आहे. मला एवढंच सांगा, हे यंत्र माणसांकडे बघतं का?”

मी म्हणालो, छे! शक्यच नाही. आणि तेवढ्यात त्या कॅमेरा बघायला वाकल्या आणि पडद्यावर आलं: ‘मादी. शांत. लांब पल्ल्याला उत्तम. पाठवा.’

बाईंनी तारीख-वेळेसह ते वहीत उतरवून घेतलं. चेहऱ्यावरची रेषही हलली नाही.

मग एकेक बाहेर यायला लागलं. कात्रीन फेब्रुवारीपासून दर सोमवारी सकाळी कॅमेऱ्यासमोर उभी राहायची, ‘थकवा ८१, राहू द्या’ अशी चिठ्ठी छापून घ्यायची आणि घरी जायची. त्या चिठ्ठ्यांवर सह्या माझ्याच! मला वाटायचं त्या पाखरांच्या आहेत. ओदिल तर रोज सकाळी स्वतःची परीक्षा घ्यायचा आणि ‘पाठवा’ आलं की कॅफेत जायचा. मला हसू आवरेना. बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, “आज तुम्ही हसताय. उद्या कुणी मालक हेच बघून म्हणेल, तुझ्या डोळ्यांत कामाची ओढ दिसत नाही, घरी बस. म्हणून बंदी आहे.”

ताई, माझं हसू तिथेच थांबलं. तुला आठवतं, इर्मा गिरणीत मागावर होती तेव्हा तिची आई गेली, आणि आठवड्याने मुकादमाने तिचं तोंड बघून ठरवलं की ही आता मन लावून काम करणार नाही आणि तिची पाळी काढून घेतली? तेव्हा यंत्र नव्हतं, नुसता मुकादम होता. मी बाईंना ते सांगितलं. का सांगितलं कळत नाही, सहा वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांनी वही बंद केली आणि शेवटपर्यंत ऐकलं.

मग उपाय काय? यंत्राला माणूस ओळखून डोळे मिटायला शिकवायचं तर कात्रीन म्हणाली तीन महिने. फक्त गिऱ्हाइकांवर चालवायचं म्हटलं तर बाई म्हणाल्या, ते कायद्याच्या जास्त जोखमीच्या वर्गात जातं, कागदपत्रं या टेबलापेक्षा उंच. आम्ही तिघं डोकं धरून बसलो. एवढ्यात मागच्या अंगणातून करवतीचा आवाज. ओदिल एक लाकडी पेटी घेऊन आत आला आणि ती त्याने कॅमेऱ्यावर ठोकून बसवली. पेटीला एक भोक, कबुतराच्या डोक्याच्या मापाचं. म्हणाला, “घाला आता कुणी आपलं तोंड.”

हर्मीनबाईंनी टेपने भोक मोजलं, पुन्हा मोजलं, आणि पहिल्यांदा हसल्या. एका पानात सगळं लिहून दिलं: यंत्र कशासाठी, कुणासाठी नाही, पेटी काढायची नाही, माणसांच्या जुन्या नोंदी पुसायच्या, आणि यंत्र कुठे चुकतं हे हाताळणाऱ्या प्रत्येकाला शिकवायचं. (ते ओदिलनेच आम्हाला शिकवलं, दीड तास, पुराव्यासकट.) जाताना म्हणाल्या, यंत्र किती हुशार आहे हे कायदा फारसं विचारत नाही, ते कुणावर वापरता हे आधी विचारतो. माझी अकरा पानं त्या एका वाक्यापुढे पाणी भरतील!

शुक्रवारी संध्याकाळी कॅफेत हीऽ गर्दी. टोपल्या, पिसं, बिअर. गास्टनने कागद वाचला आणि विश्वास बसेना म्हणून भोकाला डोळा लावायला गेला. डोळा पोचला नाही, नाक पोचलं. ताई, अडकलं! अख्खा कॅफे उभा राहिला. आणि पडद्यावर काय यावं? ‘चोच दिसत नाही. काही सांगता येत नाही.’ (ही ओळ कात्रीनने आदल्याच दिवशी घातली होती. देव तिचं भलं करो, सोमवारीसुद्धा.) कॅफेवालीने लोणी आणून नाक सोडवलं. गास्टन लाल नाकाने खुर्चीवर चढला आणि ओरडला, “माझ्या नाकालासुद्धा चोच म्हणत नाही, म्हणजे कायदेशीर! चाळीस!”

तर अशी हकीकत. तुझ्या प्रश्नाचं उत्तर सावकाश लिहितो, पाखरं दाण्यासाठी ओरडताहेत.

तुझा धाकटा,
फोन्स

ता. क. खोली भाडेकरूला देऊ नकोस. मी राहायला येत नाही. पण जूनच्या दुसऱ्या शनिवार-रविवारी ती मला हवी आहे, दोघांसाठी. (मी बाहेर कोचावर झोपेन.) हर्मीनला तुमच्याकडचे कोळंबीचे तळलेले क्रोकेट फार आवडतात असं बोलता बोलता कळलं.

ता. क. २. नोंदी पुसण्याआधी एकेक तपासावी लागली. गुरुवार, दहा बेचाळीस. बाई वाकल्या तेव्हा त्यांच्या मागे मी उभा होतो. ‘नर. वय बरंच. घराची ओढ ९७. पाठवा.’ ताई, सत्त्याण्णव मी अजून एकाही पाखराला पडलेले पाहिले नाहीत. कायद्याप्रमाणे पुसलं. पुसलं का हे बघायला त्या शेजारीच उभ्या होत्या, म्हणजे त्यांनीही वाचलं. वहीत मात्र उतरवलं नाही.

ता. क. ३. यंत्र चुकलं असेल, असं मी ओदिलला म्हणालो. त्याने पाखराचं डोकं धरतो तशी माझी हनुवटी धरली, तोंड खिडकीकडे वळवलं, बराच वेळ डोळ्यांत बघितलं आणि म्हणाला, “बहिणीला लिही, खोली सोमवारपर्यंत ठेव.”