सासूबाईंच्या नावाचं काटेरी झुडूप

स्टॉडर्ड फार्म, व्हरमाँट
ऑक्टोबर १९०८

प्रिय लव्हिनियावन्सं यांना ऑर्फाचा नमस्कार.

तुमचे गुडघे आता बरे असतील. इकडे आम्ही ठीक, आणि तुमच्या आई तर फारच ठीक (त्याबद्दलच लिहायचं आहे).

गोठ्याच्या वाटेवरचं ते रानटी ब्लॅकबेरीचं झुडूप तुम्हाला आठवत असेलच, कारण आपल्या घरात त्याने न फाडलेला स्कर्ट नाही. तुमचे भाऊ असाहेल दर वर्षी ते तोडायला निघायचे आणि सासूबाई दर वर्षी आडव्या यायच्या. तर जूनमध्ये सासूबाईंना त्या झुडपाखाली कोणाचे तरी बूट दिसले. त्यांनी झाडूच्या दांड्याने पाठीत दोन घातले (चोर पालथा पडून भिंगातून काटे बघत नाही, हे त्यांना नंतर सुचलं). आतून आवाज आला, "बाई, जरा सावकाश. तुम्ही एका नव्या जातीवर उभ्या आहात."

ते प्रोफेसर व्हिटलॉक, वनस्पतिशास्त्रज्ञ. आठवडाभर आपल्याकडेच राहिले. रोज माझा पाय खायचे (साठवणीतल्या ब्लॅकबेरीचा पाय, गैरसमज नको) आणि रोज त्यांची विजार मी शिवायची. झुडूप सासूबाईंमुळे वाचलं म्हणून त्यांनी त्या जातीला सासूबाईंचंच नाव दिलं. सगळ्या चर्चला ही बातमी माझ्याआधी कळली.

मग प्रोफेसरांच्या शास्त्रीय मासिकाचा छापील अंक आला, झुडपाचं वर्णन सगळं लॅटिनमध्ये. जेवायला आलेल्या पाद्रीबुवांनी मोठ्या हौसेने अर्थ सांगायला घेतला. खोड वाकलेलं, पण मोडता न येणारं. काटे दाट आणि मागे वळलेले. फळ थोडं, आंबट, उशिरा पिकणारं. एकदा रुजलं की काढणं अशक्य. असाहेल बशीत बघत बसले. मी हसू आवरायला ओव्हनमध्ये डोकं घातलं. सासूबाई म्हणाल्या, "पुन्हा वाचा." त्यांनी वाचलं. "म्हणजे पिकतं तरी," एवढं म्हणून सासूबाईंनी बीन्स वाढून घेतल्या.

आता झुडपाला तारेचं कुंपण आहे, गोठ्याची वाट बंद, आणि दुधाच्या बादल्या माझ्या स्वयंपाकघरातून जातात. येईल त्या पाहुण्याला सासूबाई झुडपाशी उभं करून वर्णन तोंडपाठ म्हणून दाखवतात, आणि पाहुण्यांचा चहा मी करते.

असो. मुलांना पापा.

तुमची,
ऑर्फा

ता. क. वन्सं, यंदाचा हिवाळा आईंना तुमच्याकडे बोलवाल का? फार आठवण येते असं लिहा. माझं नाव नको.

ता. क. दुसरा. लव्हिनिया, हे पत्र टपालात टाकायला सुनेने माझ्याकडेच दिलं, तेही पाकीट न चिकटवता. मी कुठेही येत नाही. तिलाच महिनाभर बोलावून घे. बाळ गेल्यापासून ती धड झोपलेली नाही, आणि इथे असेपर्यंत काम टाकून झोपायची नाही. गाईंचं मी बघेन. सकाळी तिला कोणी उठवू नका.
– आई