वर्ष बदललं की शिरा

प्रिय अहो,

तुम्हाला कधी पत्र लिहायची वेळच आली नाही. वागळे इस्टेटच्या छापखान्यातून रोज डोंबिवलीला घरी यायचात, लिहायचं कशाला? आज लिहितेय, कारण तुमचं वर्ष सरलं की नाही, यावर घरात एकमत होत नाहीये.

प्रसाद म्हणतो, "आई, तारीख आजचीच. मी रजा टाकलीय." गुरुजी म्हणतात, "ते अधिक आषाढात गेले. वर्षश्राद्ध यंदाच्या आषाढात, अजून अवकाश आहे." आणि मुसलमानांच्या हिजरीने बघितलं, तर ते वर्षच दहा-अकरा दिवसांनी लहान, तुमचं वर्ष मागेच सरलं, कुणाला पत्ताही नाही! हे मला तुम्हीच शिकवलंत. जन्मभर कॅलेंडरची प्रुफं वाचलीत ना!

मागच्या वर्षी जेवतानासुद्धा तेच. "सुमन, हे एकोणीसशे शहाण्णव. पण शके एकोणीसशे अठरा, गुजराती संवत दोन हजार बावन्न, आणि पारशांचं अजून तेराशे पासष्टच. एकच वर्ष, प्रत्येकाला वय वेगळं सांगतंय बघ!" कुणाचंही वर्ष बदललं की तुम्हाला शिरा हवा. गुढीपाडवा, दिवाळीचा पाडवा, पतेती, एक जानेवारी. मी वैतागायचे, "लोकांच्या वर्षांना माझा रवा कशाला?"

यंदाचं कॅलेंडरही तुमच्याच नजरेखालून गेलेलं. जायच्या आधी याच पलंगावर बसून जूनचं पान तपासलंत, लाल पेन्सिलीनं. आजचा चौकोन वाचताना काही जाणवलं नाही का हो? जरा थांबायचं तरी!

मला रडू येत नाही. वर्षभर आलं नाही. भाजी आणते, दूध तापवते. लोक म्हणतात, सावरली. सावरतेय कसली! आत काही हलतच नाही.

आज सकाळी प्रसादने तुमच्या फोटोला हार घातला आणि वास आला म्हणून स्वयंपाकघरात आला. मी रवा भाजत होते. कधी घेतला, माझं मलाच कळलं नव्हतं.

"आई, आज शिरा?"

"वर्ष बदललं ना रे."

ओट्याशी उभ्याउभ्या दोन घास खाल्ले आणि रडायलाच लागला. मी त्याच्या पाठीवर हात ठेवून नुसती उभी राहिले. साखर कमी पडली होती. तो तसाच खात राहिला. तुम्ही बोलला असतात.

आषाढात गुरुजी येतील तेव्हा पुन्हा करीन. पतेतीलाही करीन, दिवाळीच्या पाडव्यालाही. रडू आलं तर येऊ दे, नाही आलं तरी रवा भाजीन. साखर मात्र तुमच्याच मापाने घालीन, हे नक्की.

तुमची,
सुमन