प्रोमिथियसचा चेहरा

नेपल्स, १९ फेब्रुवारी १६३७
आजपासून मी प्रोमिथियस! पुढच्या बुधवारपासून ईस्टरआधीचा उपासकाळ, नाटकं बंद. चाळीस दिवस माझ्यासारख्या नटाने काय हवा खायची? मास्तर गास्पारेंना व्हाइसरॉयच्या दालनासाठी चित्र काढायचं आहे: देवांची आग चोरली म्हणून खडकाला जखडलेला प्रोमिथियस आणि रोज येऊन त्याचं काळीज खाणारा गरुड. माझे खांदे पाहताच त्यांनी बाकीच्यांना घरी धाडलं. खोली वरच्या मजल्यावर, खिडकीतून समुद्र दिसतो, आणि स्वयंपाकीण नुन्झियामावशी मॅकरोनीवर चीज घालताना हात आखडत नाही. कंपनीतल्या बाकीच्या नटांना लोक वर्षभरात विसरतील. माझा चेहरा तीनशे वर्षं राहणार.

२१ फेब्रुवारी
गरुड खराच आहे, पायात साखळी. मास्तर मला फळीवर बांधून पोटावर बकऱ्याची कलेजी ठेवतात, तो ती शांतपणे खातो. नखं टोचतात, चालायचंच. चेहरा शेवटी काढणार म्हणाले. मी कण्हून दाखवलं, ओठ चावले, डोळे फिरवले. मास्तर हसले.
"टाळ्या मिळतील बाबा तुला. पण दुखत नाहीये, हे मला दिसतंय."
फार लागलं मला. वीस वर्षं लोकांना रडवलंय मी.

२५ फेब्रुवारी
राखेचा बुधवार, उपासकाळ सुरू. कपाळाला राख लावून आलो. खाटकांची दुकानं आता ईस्टरपर्यंत बंद. गरुडाला काय घालायचं, असं मावशीने विचारलं. मास्तर म्हणाले, उपास सगळ्यांनाच.

२७ फेब्रुवारी
पोटावर आज काहीच ठेवलं नव्हतं. तरी त्याने तिथेच चोच मारली, सवय झालीय. बोटभर जखम. मास्तरांनी रक्त पुसू दिलं नाही, ते लाल रंग जुळवत होते. नंतर मावशी कानाशी पुटपुटली, "मेल्या, मागचं दार उघडं ठेवलंय, नीघ."
पण चित्रातला चेहरा अजून कोराच आहे. तो काढून होईपर्यंत मी हलणार नाही.

१ मार्च
ताप. दोनदा शुद्ध गेली. मावशीला कामावरून काढलं. मागच्या दाराला कुलूप. गरुड सारखा साखळी ओढतो — माझ्याकडेच बघतो —

२ मार्च
आज चेहरा. मी हात जोडले — नको, कोराच राहू द्या, दुसऱ्या कुणाचा काढा —
मास्तरांनी माझी हनुवटी धरून चेहरा उजेडाकडे वळवला. किती खूश झाले. म्हणाले, "हाच. आता हलू नकोस."
गरुडाची साखळी सोडायला गेलेत. माझा उजवा हात तेवढा अजून मोकळा, मी —